ग्रहणाला कापलेली फिल्म

"जुनी फिल्म आणलीय ना, काकू?"

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी मोठ्या तोऱ्यात पाकीट पुढं केलं. आणलीय म्हणजे काय! हैदराबादच्या दवाखान्यातून निघताना तिथल्या माणसानं बजावलं होतं, बाई, घरातलं सोनं एखाद वेळेस हरवलं तरी चालेल, ही छातीची फिल्म हरवू नका, आमच्याकडं दुसरी राहत नाही. तेव्हापासून ते पाकीट माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली होतं. लातूरहून येताना एस्टीत ते मी मांडीवर धरून बसले होते. घडी पडू दिली नाही, की कुणाचा धक्का लागू दिला नाही.

बाईंनी फिल्म बाहेर काढली आणि भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावली. मग फिल्मकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फिल्मकडं.

"काकू, हा खुबा आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

माझ्या सासूबाईंचा होता. सासूबाई वारल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. न्हाणीत घसरून पडल्या तेव्हा काढलेला हा एक्स-रे, तसल्याच खाकी पाकिटात, त्याच कपाटात होता. पण तो वेगळ्या कप्प्यात होता, आणि ह्या पाकिटावर माझं नाव माझ्याच अक्षरात होतं. मग माझ्या पाकिटात सासूबाई कशा येऊन बसल्या? मी हळूच मागं वळून आमच्या सरांकडं बघितलं.

सर म्हणजे माझा नवरा. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, घरी क्लास घ्यायचे. सगळं लातूर त्यांना सर म्हणायचं म्हणून मीही सरच म्हणायला लागले. आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं. त्या वेळी सर खोलीच्या छताकडं असं टक लावून बघत होते की जणू तिथं पुढचा धडा लिहिलेला आहे.

"सर," मी म्हणाले, "माझी फिल्म कुठाय?"

"अगं, ते दिवाळीत ग्रहण नव्हतं का लागलं..."

पुढचं सांगायची गरजच नव्हती. दिवाळीतल्या त्या ग्रहणाला उभ्या लातुरानं एक्स-रेच्या फिल्मा कापून डोळ्यांना लावल्या होत्या. ज्याच्या घरात मोडका हात, दमेकरी म्हातारा, त्याच्या दारात गर्दी. आमच्या सरांनी तर क्लासच्या सगळ्या पोरांना गच्चीवर नेलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात दुहेरी काळी पट्टी दिली होती. मी खाली पुरी-भाजी करत होते. वरून पोरांचा गलका आला तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं! असा शिक्षक दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं मी शेजारणीला म्हणालेही होते. त्या पट्ट्या कशाच्या, हे कुणाला माहीत होतं?

"पोरांच्या फिल्मा पुरेनात, मला वाटलं ही आईचीच हाय," सर पुटपुटले. ते घाबरले की त्यांची भाषा गावाकडची व्हायची. "दोन्ही काढल्या, उजेडात धरल्या. तुझी लई काळीभोर होती, कडेनं. सूर्याला तसलीच लागते. आईची ठेवली ती तुझ्या पाकिटात गेली असंल."

उंटावरचा शहाणा! त्याला आईचा खुबा आणि बायकोची छाती यातला फरक कळेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डॉक्टरीणबाई समोर होत्या, आणि त्यांचा चेहरा काही हसण्यासारखा नव्हता. त्यांनी माझी नवी फिल्म पेटीवर लावली.

ही नवी फिल्म आत्ताच काढलेली. त्या मशीननं काय होतं ते बाईमाणसालाच कळेल. खाली थंडगार फळी, वरून दुसरी फळी दाबत आणायची. लिंबू पिळायच्या चिमट्यात घातल्यासारखं. वर आणि "श्वास धरा, हलू नका" म्हणायचं. अहो, हलेन कशी, मला धरलंय तुम्ही! नांदेडला हे मशीन नवीनच आलेलं. त्याआधी हैदराबादला पळावं लागायचं, म्हणून मी तक्रार करायची नाही असं ठरवून आले होते.

"इथं बघा," बाईंनी पेनाच्या टोकानं दाखवलं. करड्या ढगासारख्या भागात पांढरे बारीक ठिपके होते. बोटातून मीठ सांडावं तसे. "हे चुन्याचे कण असतात. पुष्कळ बायकांना असतात आणि काही करत नाहीत. पण कधी कधी ही नव्या आजाराची सुरुवात असते. गेल्या वर्षीच्या फिल्ममध्ये हे असेच असतील तर जुने आहेत, चिंता नाही. नसतील तर नवीन आहेत. फिल्म नसेल तर मला काहीच सांगता येत नाही. मग सुई घालून तिथला तुकडा काढावा लागेल. तेही मोठ्या ठिकाणी."

मी विचारलं, "आणि त्या तुकड्यात निघालं तर?"

त्या म्हणाल्या, "आधी फिल्म शोधा. आठवडाभरात या."

आता मला ह्या गोष्टीची एवढी धास्ती का, ते सांगायला हवं. छातीची उजवी बाजू माझी आधीच काढलेली होती. गाठ मला लागली ती भूकंपाच्या दिवसांत. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या होत्या, पण आत झोपायची कुणाची छाती होत नव्हती. (हा शब्दही मेला आत्ताच यायचा होता.) अख्खी गल्ली अंगणात झोपायची. पत्रे ठोकून न्हाणी केली होती, तिथं अंघोळ करताना साबणाखाली हाताला काहीतरी लागलं. सुपारीएवढं, टणक. तिकडं औशापलीकडच्या गावांत घरंच्या घरं माणसांवर बसलेली. रोज कुणाचं ना कुणाचं कानावर यायचं, रोज भाकरी बांधून ट्रकमध्ये द्यायच्या. अशात मी सुपारीएवढ्या गाठीचं रडगाणं कुणापुढं गाऊ? पत्र्याच्या न्हाणीतून घरातल्या न्हाणीत आलो तेव्हा सुपारीचं लिंबू झालं होतं. मग हैदराबाद, ऑपरेशन, सलाईन, शेक. केस गेले, परत आले. कुरळे आले, आधी सरळ होते. आम्हाला मूलबाळ नाही. सर शिकवणं सोडून दवाखान्याच्या ओसरीवर बसून असायचे. मला भेटायला आत आले की तोंडातून शब्द फुटायचा नाही, मग मला न्यूटनचे नियम सांगायचे. खरंच. मी झोपून न्यूटनचे नियम ऐकलेत. मी गेले तर हा माणूस चहासुद्धा करून पिणार नाही, ही मला तेव्हा मरणापेक्षा मोठी काळजी होती. राहिलेल्या डाव्या बाजूची वर्षानं फिल्म काढली, ती चांगली निघाली. तीच ही. तिच्यातून पोरांनी सूर्य बघितला.

परतीच्या एस्टीत लोह्यापर्यंत मी सरांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पुढच्या बाकावरची बाई दोनदा मागं वळून बघून गेली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" एवढंच त्यातलं बरं होतं. अहमदपूर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी भांडत नाहीय, मी घाबरून राहिलेय. भांडण थांबलं की भीतीच उरायची, म्हणून मी थांबत नव्हते. मग मी गप्प झाले आणि लातूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्याबरोबर सर म्हणाले, "उद्या वर्गात सांगतो. पट्ट्या गोळा करतो."

"सांगा खुशाल," मी म्हणाले. "पण त्या कशाच्या होत्या ते एका शब्दानं बोललात तर बघा. माझी छाती आधीच गावभर वाटलीय, तिची आता दवंडी नको."

तेव्हा लातुरात क्लासचं पीक आलं होतं. रेणापूरचं, निलंग्याचं, पार उदगीर-देगलूरचं पोरगं पत्र्याची पेटी घेऊन यायचं आणि कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकायचं. भूकंपाच्या धास्तीनं लोकांनी सोडलेल्या खोल्या ह्या पोरांनी भरल्या. भेगांवर चुना मारला की खोली तयार. पहाटेपासून आमच्या दारात सायकली लागायच्या. त्या पोरांना जगात एकच गोष्ट कळायची, बोर्डात काय येणार. सरांनी वर्गात सांगितलं, "ग्रहणाच्या पट्ट्या ज्यांच्याकडं असतील त्यांनी परत आणून द्या," आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी, की सरांनी ग्रहणाच्या पट्ट्या परत मागवल्या, म्हणजे ग्रहणावर प्रश्न हमखास! पोरं पट्ट्या देईनात. "सर, आधी नोट्स द्या" म्हणायला लागली. दुसऱ्या क्लासची पोरंसुद्धा दारात येऊन विचारायला लागली, "काकू, ग्रहण आयएमपी आहे का?" मी एकाला म्हणाले, "बाबा, माझ्यासाठी लई आयएमपी आहे." त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

शेवटी सरांनी ग्रहणावर एक जादा तास घेतला आणि पट्ट्या आल्या. सुपात धान्य निवडावं तशा मी त्या पलंगावर पसरल्या आणि एकेक ट्यूबलाइटसमोर धरली. काळी. काळी. काळी. सगळ्या नुसत्या काळ्या, त्यात छातीचा मागमूस नाही. गेलं, म्हटलं. आता सुई.

सर मात्र पट्ट्यांकडं बघत उभे होते. त्यांचा चेहरा वर्गात गणित सुटल्यावर होतो तसा झाला.

"अगं, काळ्याच असणार ना! पांढुरक्या भागातनं सूर्य बघितला तर डोळे जातील. मी कडेचा काळा भागच तेवढा कापला. मधला, छातीचा, तसाच शिल्लक होता की!"

"मग तो कुठाय?"

पुन्हा सर छताकडं बघायला लागले. "मी तो आणि एका पोराच्या फिल्मचा उरलेला तुकडा रद्दीत टाकायला निघालो होतो. तर आपा फराळाचं ताट परत द्यायला आल्या होत्या. म्हणल्या, सर, फेकताय का? मला द्या."

आपा म्हणजे आमची भिंतीपलीकडची शेजारीण, वयानं माझ्याहून मोठी. घरी बसून ब्लाउजवर, ओढणीवर भरतकाम करायची. तिच्या हातची कोयरी लातुरातल्या निम्म्या नवऱ्यांच्या अंगावर असायची. नवऱ्या म्हणजे नवऱ्या मुली, गैरसमज नको. ईदचा शिरखुर्मा भिंतीवरून इकडं यायचा, दिवाळीची चकली तिकडं जायची. ती एक्स-रेच्या फिल्मा नेते हे मला ठाऊक होतं. फिल्मवर नक्षी काढायची, तिच्यावरून सुईनं टोचत जायचं, मग ती कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवायचा. भोकांतून नीळ उतरते आणि कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्याला ती खाका म्हणायची. कागदाचा खाका चार वेळा वापरला की फाटतो, फिल्मचा जन्मभर जातो.

मी अनवाणीच तिच्याकडं गेले. आपा मशीनवर होती.

"आपा, दिवाळीत सरांनी फिल्मा दिल्या होत्या त्या कुठायत?"

"हायत की. का?" तिनं भिंतीवरच्या खिळ्याची पिशवी काढली. "दोन होत्या. एक मी सोड्याच्या गरम पाण्यात धुतली."

"धुतली?"

"धुवावीच लागते. वरचं काळंबेरं निघून जातं, काचेवानी आरपार होते. मग खालचं कापड दिसतं." तिनं एक फिल्म काढून दाखवली. स्वच्छ. खिडकीच्या काचेसारखी. तिच्यावर मोगऱ्याची वेल टोचलेली होती आणि माझा काही म्हणजे काही पत्ता नव्हता.

माझ्या तोंडाचं पाणी पळालं. "आणि दुसरी?"

"दुसरीचा मला कंटाळा आला. म्हटलं, ही तशीबी पांढुरकीच हाय, चालून जाईल." आणि तिनं दुसरी काढली.

मी ती हिसकावूनच घेतली आणि दाराच्या उजेडात धरली. होता. करडा ढग होता. त्याच्यावर आरपार एक मोठी कोयरी, कोयरीच्या पोटात फुलं, शेपटाला वेल, असंख्य भोकं, आणि सगळीकडं निळीचे डाग. सर माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. आपानं निळीचा डाग पुसायला ओलं फडकं उचललं आणि सर जन्मात ओरडले नसतील असे ओरडले, "पाणी लावू नका!"

आपा बिचारी जागच्या जागी थिजली. मग मी तिला सगळं सांगितलं. ऑपरेशनचं तिला ठाऊकच होतं. हैदराबादहून आल्यावर माझं डोकं तिनंच तेल लावून चोळलेलं. पण आपण रोज निळीचा बोळा कशावरून फिरवत होतो हे कळल्यावर तिनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले.

"तोबा तोबा! भाभी, अल्ला कसम, मेरेकू क्या मालूम! मी समजले, ढगाचा फोटो हाय. ह्या कोयरीवर मी किती नवऱ्या सजवल्या गं!"

"सजल्या ना? मग झालं," मी म्हणाले. मला अचानक हसू यायला लागलं आणि त्याच दमात रडूही. आपानं मग पिशवीतून एक नवाकोरा रेशमी खण काढला आणि फिल्म त्यात गुंडाळून दिली. म्हणाली, "ह्यातच ने. आता उघडी नको नेऊस."

नांदेडला गेलो तेव्हा मी सरांना बाहेर बसा म्हणाले होते, पण ते ऐकायला तयार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी खण सोडला, फिल्म हातात घेतली, उलटीसुलटी केली. "काकू, ही वाळवीनं खाल्लीय का?"

"नाही. आमच्या शेजारणीनं टोचलीय."

त्यांनी पेटीवर फिल्म लावली, दिवा लावला, आणि माझ्या छातीत कोयरी उजळली. काय सांगू, एकेक भोक चांदणीसारखं! लग्नातल्या रोषणाईसारखी शेपटासकट कोयरी, पोटात फुलं. बाईंना हसू आवरेना. मी त्यांना खाका काय असतो ते सांगितलं, ग्रहणाचं सांगितलं, सोड्याचं पाणीही सांगितलं. त्या डोळे पुसत ऐकत होत्या. मग त्यांनी भिंग घेतलं आणि हसणं थांबलं.

अडचण माझ्याही लक्षात आली. शोधायचे होते पांढरे बारीक ठिपके, आणि फिल्मभर पांढरे बारीक ठिपकेच होते. देवा! माझा आजार जुना आहे का नवा, हे आता आपाच्या सुईतून निवडून काढायचं होतं.

बाईंनी खोलीतला दिवा घालवला. नवी फिल्म शेजारी लावली. नव्या फिल्मवरची ती जागा बघितली, मग जुनीवर तेवढ्याच अंतरावर आल्या, तर तिथं नेमकं कोयरीचं शेपूट वेलीत शिरत होतं. त्यांनी फिल्म खाली घेतली आणि आंधळ्या माणसासारखं बोटाच्या टोकानं चाचपायला लागल्या. "भोकाला कड लागते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हे भोक. हेही भोक. हे... भोकच." मी श्वास धरला. ह्या वेळी कुणी धरा म्हणालं नव्हतं. सरांचा हात माझ्या खांद्याच्या मागं खुर्चीच्या पाठीवर होता.

"इथं कड नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी फिल्म परत पेटीवर लावली आणि भिंग धरलं. बराच वेळ. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मला हात धरून जवळ ओढलं.

"या, तुम्हीच बघा. वेलीच्या ह्या भोकांच्या आत, खाली. ठळक नाहीत, अंधुक आहेत. तीन एका ओळीत, दिसले? आणि एक असा बाजूला, रुसून बसल्यासारखा. आता नवीन बघा. तेच तिघं ओळीत. आणि हा, तोच रुसलेला."

मी बघितलं. होते. गेल्या वर्षीही होते, आजही होते. एक वाढला नव्हता, एक हलला नव्हता.

"जुने आहेत?" मी विचारलं.

"जुनेच. दुसऱ्या कोनातून काढलेली आणखी एक जुनी फिल्म असती तर बरं झालं असतं, म्हणून सहा महिन्यांनी एकदा बघू, मग वर्षानं. पण नवीन काही नाही, काकू."

"मग ती सुई?"

"सुई कशाला?" बाई म्हणाल्या. "शेजारणीनं टोचल्यात तेवढ्या पुरे झाल्या."

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा पडला तो खणखण वाजत पडला. मी हसले, मग डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात पडले, मग त्यांचा पांढरा कोट माझ्या कुंकवानं माखला म्हणून पुसायला लागले. सर कुठं गेले बघते तर ते भिंतीकडं तोंड करून उभे. खांदे हलत होते. मी म्हणाले, "अहो, आता काय झालं? आता तर चांगलं झालं!" ते म्हणाले, "काही न्हाई, काही न्हाई," आणि ज्यातून सासूबाईंचा खुबा निघाला होता, ते माझ्या नावाचं रिकामं पाकीट घेऊन त्यानंच वारा घ्यायला लागले.

बाहेर आलो तर मला अशी भूक लागली, अशी भूक लागली, की आठवडाभराची लागली असावी. नांदेडच्या स्टँडवर मी भजी खाल्ली, वर परत पोहे खाल्ले, चहा घेतला. सर काही खाईनात, नुसते माझ्याकडं बघत बसले. मी म्हणाले, "काय बघताय? आता मला पट्टी लावून बघायची गरज नाही." हे बोलल्यावर मला वाटलं जरा जास्त झालं, पण ते हसले. आठवड्यात पहिल्यांदा हसले.

लातूरची एस्टी मिळाली. जागाही मिळाली. गाडी सुटली आणि मी बोलत सुटले. पुढच्या उन्हाळ्यात मागच्या खोलीचं छत करून घेऊ, पुढच्या वर्षी आपाला नवीन मशीन घ्यायला लावू, पुढच्या दिवाळीत क्लासला सुट्टी द्या आणि मला कुठंतरी समुद्रावर न्या, मी समुद्र बघितला नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! हैदराबादहून आल्यापासून हे दोन शब्द मी तोंडातून काढलेच नव्हते. कुणी लग्नाचं, घराचं पुढच्या वर्षीचं बोललं की मी उठून आत जायची. आता तेच शब्द माझ्या तोंडात गुळासारखे घोळत होते. सर हाव, हाव म्हणून होकार देत होते. मग हाव यायचं थांबलं.

मी बघितलं तर ते झोपले होते. आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मीही जागीच असायची, पण मला वाटायचं एकटी मीच. गाडीचा धक्का बसला आणि त्यांचं डोकं कलंडून माझ्या उजव्या बाजूला टेकलं. ऑपरेशन झाल्यापासून ह्या बाजूला ते कधी टेकले नव्हते. मला दुखेल म्हणून घरात, गाडीत, झोपतानासुद्धा मध्ये हातभर जागा सोडायचे. मला दुखत नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. आता ते डोकं तिथं पडलं होतं, सपाट जागेवर, उशीशिवाय, तोंड उघडं, हलकं घोरत.

कंडक्टर तिकिटाला आला. "काकू, साहेबांना नीट बसवा की, पडतील," म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणाले. "जागा त्यांचीच आहे."